टेक्सास, फेब्रुवारी २०२१: वीजकेंद्रे उभी असताना वीज कुठे गेली?

उच्चदाब

अतिथंडीत वीजटंचाई का होते, हा प्रश्न अमेरिकेत कडाक्याच्या प्रत्येक हिवाळ्यानंतर निघतो आणि त्यावरची उत्तरे बहुधा उत्तर देणाऱ्याच्या राजकारणावरून आधीच ओळखता येतात. कोणी पवनचक्क्यांकडे बोट दाखवतो, कोणी नैसर्गिक वायूकडे, तर कोणी खासगी बाजाराकडे. टेक्सासमधील फेब्रुवारी २०२१ च्या घटनेवर अमेरिकेचा संघीय ऊर्जा नियामक आयोग आणि ग्रिडच्या विश्वासार्हतेवर लक्ष ठेवणारी 'नेर्क' ही संस्था यांचा संयुक्त अहवाल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. तो अहवाल आणि एर्कॉटने स्वतः जाहीर केलेले आकडे समोर ठेवून कारणे नीट तपासावीत, यासाठी हा धागा काढत आहे. एर्कॉट ही टेक्सासच्या सुमारे ९० टक्के वीजमागणीचे ग्रिड चालवणारी संस्था असून आपल्याकडील भारप्रेषण केंद्राचे, म्हणजे मागणी आणि निर्मितीचा क्षणोक्षणी मेळ घालण्याचे काम आणि वीजबाजार चालवण्याचे काम अशी दोन्ही कामे तिच्याकडे आहेत.

आधी घडले ते थोडक्यात सांगतो. थंडीची लाट राज्याच्या सर्व २५४ काउंट्यांवर एकाच वेळी पसरली. १४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मागणी ६९,२२२ मेगावॉटवर गेली. हिवाळ्यातील आधीचा उच्चांक जानेवारी २०१८ मधील ६५,९१५ मेगावॉटचा होता. मध्यरात्र उलटल्यावर वीजनिर्मिती संच एकामागून एक बंद पडू लागले आणि १५ तारखेच्या पहाटे १ वाजून २० मिनिटांच्या सुमारास एर्कॉटने सक्तीचे भारनियमन सुरू केले. एका टप्प्यावर २०,००० मेगावॉट भार तोडलेला होता आणि आदेश देऊन केलेले इतके मोठे भारनियमन अमेरिकेत त्यापूर्वी कधीच झाले नव्हते. ते सुमारे ७० तास चालले. ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापने अंधारात गेली. राज्याच्या आरोग्य विभागाने पुढे मृतांचा अधिकृत आकडा २४६ असा दिला आणि त्यांतील बहुतेकांचा मृत्यू थंडीने गारठून झाला होता.

एर्कॉटच्या हद्दीत तेव्हा सुमारे १,०७,५०० मेगावॉट स्थापित क्षमता होती आणि सर्वांत वाईट घडीला तिच्यापैकी ५२,२७७ मेगावॉट उपलब्ध नव्हती. हिवाळ्याआधी केलेल्या अंदाजात अत्यंत प्रतिकूल परिस्थिती धरूनही मागणी ६७,२०८ मेगावॉट आणि बंद पडणारी क्षमता १४,००० मेगावॉटच्या आसपास मानली होती. मागणीचा अंदाज चुकलाच, कारण भारनियमन केले नसते तर ती ७६,८१९ मेगावॉटपर्यंत गेली असती असे एर्कॉटचेच म्हणणे आहे. तरीही मागणीतील चूक दहा हजारांच्या घरातली होती, तर निर्मितीतील चूक तिच्या कितीतरी पट मोठी होती. म्हणून माझे मत असे आहे की हा तुटवडा वीजकेंद्रांच्या संख्येचा नव्हता. एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडतील असे गृहीत धरलेले संच एकाच कारणाने, एकाच रात्री बिघडले, आणि असे घडू शकते हे नियोजनाच्या गणितात धरलेलेच नव्हते.

संयुक्त अहवालाने टेक्सास आणि शेजारच्या दोन ग्रिडांतील १,०४५ संचांची नोंद घेतली. त्यांच्या बिघाडांपैकी ४४.२ टक्के गोठण्यामुळे आणि ३१.४ टक्के इंधनाच्या अडचणींमुळे झाले होते. गोठणे म्हणजे अवाढव्य यंत्र बर्फात अडकणे असे चित्र डोळ्यांसमोर येते, पण प्रत्यक्षात बोटभर जाडीच्या नळ्या गोठतात. बाष्पकातील (बॉयलरमधील) पाण्याची पातळी आणि दाब मोजणाऱ्या यंत्रांपर्यंत ज्या बारीक नळ्यांतून पाणी पोहोचते, त्यांतील पाणी गोठले की यंत्राला चुकीचा आकडा दिसतो आणि संरक्षक प्रणाली संच बंद करते. टेक्सासमधील बरीच वीजकेंद्रे उन्हाळ्यातील उष्णता निघून जावी म्हणून भिंतींशिवाय उघडी बांधलेली आहेत. उत्तरेकडील राज्यांत तीच यंत्रे इमारतीच्या आत असतात. साउथ टेक्सास प्रकल्पातील एक अणुसंच १५ तारखेच्या पहाटे साडेपाचनंतर असाच बंद पडला. अणुभट्टी ठणठणीत होती, गोठली होती ती बाष्पकाला पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेतील दाब मोजण्याची नळी. त्याहून बोचणारी नोंद अशी की, गोठण्यामुळे झालेल्या बिघाडांपैकी ८१ टक्के बिघाड संचाची जी किमान तापमान सोसण्याची मर्यादा कागदावर होती, तिच्यापेक्षा अधिक तापमानात झाले.

दुसरे कारण इंधनाचे. टेक्सास स्वतः वायूचा एवढा मोठा उत्पादक, मग वायू कमी कसा पडला? विहिरीतून वायूबरोबर पाणीही वर येते आणि अतिथंडीत ते विहिरीच्या तोंडाशीच गोठते. रस्त्यांवर बर्फ साचल्यामुळे ते पाणी उपसून नेणारे टँकर विहिरींपर्यंत पोहोचू शकत नव्हते. राज्याचे वायू उत्पादन आठवडाभरात दिवसाला २१.३ अब्ज घनफुटांवरून ११.८ अब्जांवर आले. मात्र यातील काही घट भारनियमनानेच घडवली होती. विहिरींवरील पंप, प्रक्रिया केंद्रे आणि वाहिनीवरील काही संपीडक (वायू पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर) विजेवर चालतात, आणि त्यांतील बहुतेकांची नोंद 'अत्यावश्यक भार' म्हणून झालेली नव्हती. त्यामुळे वीज वाचवण्यासाठी तोडलेल्या फीडरवर (एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर) वायूच्या यंत्रणा निघाल्या, वायूचा दाब घटला, वायूवरची वीजकेंद्रे मंदावली आणि आणखी फीडर तोडावे लागले. काही वायू कंपन्यांनी तर टंचाईच्या वेळी आपली वीज तोडू देण्याच्या मोबदल्यात पैसे देणाऱ्या योजनेतही नाव नोंदवले होते.

बाजार आणि ग्रिडचे वेगळेपण यांबद्दल जाणकारांनी लिहावे.

बायूकाठचा

ह्यूस्टनमध्ये राहत असल्यामुळे मागणीच्या बाजूविषयी लिहितो, कारण तिच्याकडे कमी लक्ष दिले गेले आहे असे मला वाटते.

टेक्सासमधील निम्म्याहून अधिक घरे विजेवर तापवली जातात. उत्तरेकडे हे काम घराघरांतील वायूची किंवा तेलाची भट्टी करते. इथे सर्रास दिसतो तो हीट पंप. तो बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढतो आणि पाच-दहा अंश तापमानात अगदी काटकसरीने चालतो. पारा शून्याखाली बराच उतरला की त्याची कार्यक्षमता घटते आणि घर गरम राहावे म्हणून त्यातील तारेचे हीटर आपोआप सुरू होतात. हे हीटर म्हणजे भिंतीत बसवलेली मोठी इलेक्ट्रिक शेगडी. त्यामुळे तापमान जसजसे उतरते तसतशी मागणी सरळ रेषेत न वाढता एकदम उसळी घेते. १६ फेब्रुवारीला डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर उणे १९ अंश सेल्सियस नोंदले गेले, जे १९४९ नंतरचे तिथले सर्वांत कमी तापमान होते. ह्यूस्टनमध्ये पारा उणे १० च्या आसपास होता. अशा थंडीचा अनुभव मागणीचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रारूपांच्या गाठीशी जवळजवळ नव्हताच, त्यामुळे अंदाज दहा हजारांनी चुकला यात मला नवल वाटत नाही.

त्यात घरे अशी की उन्हाळ्यातील वातानुकूलनासाठीही त्यांचे उष्णतारोधन जेमतेमच असते. पाण्याचे नळ माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून गेलेले असतात. वीज गेली, घर गारठले, नळ फुटले आणि छतातून पाणी गळू लागले, हा क्रम आमच्या वसाहतीत घरोघरी सारखाच होता. इथल्या मराठी मंडळींनी एकमेकांना फोन करून ज्याच्या घरी वीज आहे त्याच्याकडे मुक्काम हलवला, आणि त्यातूनच माझा प्रश्न उभा राहिला. काही भागांत वीज क्षणभरही गेली नाही आणि शेजारच्या भागात ती दिवसच्या दिवस आली नाही. प्रशासन 'आळीपाळीने भारनियमन' असे सांगत होते, मग आळीपाळी कुठे होती? रुग्णालयाजवळ राहणारे वाचले आणि बाकीचे गारठले, यामागे वशिल्याचा संशय इथे अजूनही घेतला जातो.

निवृत्त_भारप्रेषक

बायूकाठचा, वशिल्याचा संशय स्वाभाविक आहे, पण कारण वेगळे आहे. ते समजण्यासाठी आधी त्या पहाटेची वारंवारिता, म्हणजे प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने, पाहू. माझी नोकरी भारप्रेषणात गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपले ग्रिड ५० हर्ट्झवर चालते आणि अमेरिकेतील ६० वर. मागणीपेक्षा निर्मिती कमी पडली की सगळ्या जनित्रांचा वेग एकदमच घटतो आणि वारंवारिता खाली येते. नियंत्रण कक्षातील माणसाला टंचाई कळते ती याच एका आकड्यातून, बाकी सगळे तपशील नंतर येतात. १५ तारखेच्या पहाटे एर्कॉटने आधी १,००० मेगावॉट तोडण्याचा आदेश दिला, मग आणखी १,०००, मग ३,०००, मग ३,५००, मग २,०००. म्हणजे दोन वाजेपर्यंत साडेदहा हजार मेगावॉट तोडले गेले होते. याच दरम्यान वारंवारिता ५९.३०२ पर्यंत घसरली. त्या ग्रिडवर ५९.३ ला स्वयंचलित रिले (संरक्षक स्विच) फीडर उडवू लागतात, म्हणजे ती त्या रेषेच्या दोन सहस्रांश वर थांबली. दुसरी मर्यादा याहून भयंकर होती. वारंवारिता ५९.४ च्या खाली सलग नऊ मिनिटे राहिली, तर जनित्रांना स्वसंरक्षणासाठी ग्रिडपासून सुटण्याची मुभा असते. ती ४ मिनिटे २३ सेकंद खाली होती. जनित्रे सुटू लागली असती तर संपूर्ण ग्रिड बसले असते आणि शून्यातून ते पुन्हा उभे करण्यास कदाचित आठवडे लागले असते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला आपले उत्तरेकडील ग्रिड बसले तेव्हा ते तासांत उभे राहिले, कारण आजूबाजूला जिवंत ग्रिड होते आणि वीजकेंद्रे धडधाकट होती. इथे केंद्रेच गोठलेली होती. त्यामुळे त्या पहाटे फीडर धडाधड तोडणाऱ्या कर्मचाऱ्यांना मी दोष देणार नाही, त्यांनी योग्य तेच केले.

आता आळीपाळीचा प्रश्न. वितरण कंपनीकडे तोडण्याजोगे फीडर मर्यादित असतात. रुग्णालये, पाणीपुरवठा, अग्निशमन यांचे फीडर वगळावे लागतात. वारंवारिता घसरल्यास आपोआप उडावेत म्हणून राखलेले फीडरही हातांनी तोडता येत नाहीत, कारण ते आधीच तोडले तर शेवटचे संरक्षण नाहीसे होते. उरलेल्या फीडरांवर हजार-दोन हजार मेगावॉटचा बोजा असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने पाळी फिरवता येते. बोजा २०,००० झाला की तोडण्याजोगे जवळजवळ सगळेच तोडलेले असतात आणि पाळी फिरवायला हाताशी काही शिल्लक राहत नाही. शिवाय बराच वेळ बंद असलेला फीडर पुन्हा सुरू करताना सगळ्या घरांचे हीटर एकदम चालू होतात, त्यामुळे तो नेहमीच्या दुप्पट भार ओढून परत उडू शकतो. रुग्णालयाच्या फीडरवरील घर उबदार राहिले आणि पुढच्या गल्लीतील घर गोठले, याचे कारण इतके यांत्रिक आहे.

महाराष्ट्रातील भारनियमनाची वर्षे इथल्या अनेकांना आठवत असतील. महावितरणने गळती आणि वसुलीच्या प्रमाणानुसार फीडरांचे गट पाडले होते, कोणत्या गटाला किती तास अंधार ते वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येई आणि शेतीपंपांचा भार गावठाणापासून वेगळा काढण्याची कामेही त्याच काळातली. ते सुखाचे दिवस होते असे अजिबात म्हणायचे नाही. मात्र टंचाई कशी वाटायची याची एक घडी त्या वर्षांनी यंत्रणेला बसवून दिली होती आणि ह्यूस्टन किंवा ऑस्टिनच्या वितरण कंपन्यांकडे तेवढ्या मोठ्या टंचाईची घडीच नव्हती.

वादेवादे

सगळे वाचले, पण पवनऊर्जेचा उल्लेख इतका ओझरता का? संयुक्त अहवालातच बिघडलेल्या संचांपैकी २७ टक्के पवनऊर्जेचे होते असे आहे. टेक्सासने औष्णिक केंद्रे बंद करून पवनचक्क्यांवर भिस्त ठेवली आणि पाती गोठल्यावर ग्रिड कोसळले, असे राज्याच्या गव्हर्नरांनीही त्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर सूचित केले होते. त्यात काहीच तथ्य नाही काय?

उच्चदाब

तथ्य आहे, पण अर्धे. पाती गोठली हे खरे आहे आणि टेक्सासमधील पवनचक्क्यांवर थंड प्रदेशातील उपकरणे बसवलेली नव्हती हेही खरे आहे. आयोवा किंवा स्वीडनमध्ये पात्यांना उष्णता देण्याची सोय असलेली यंत्रे याहून कडक थंडीत चालतात, त्यामुळे हा दोष पवनऊर्जेचा नसून खरेदीच्या वेळी वाचवलेल्या पैशांचा आहे, म्हणजे वायूवरच्या केंद्रांचा होता तोच.

२७ टक्के हे प्रमाण संचांच्या संख्येचे आहे आणि त्याच यादीत वायूवरील संच ५८ टक्के आहेत. मेगावॉटमध्ये पाहायचे तर एर्कॉटने त्या आठवड्यात सांगितले होते की बंद असलेल्या ४६,००० मेगावॉटपैकी २८,००० औष्णिक (वायू, कोळसा आणि अणू मिळून) आणि १८,००० पवन व सौर आहेत. त्या १८,००० चा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. हिवाळ्यातील उच्चतम मागणीच्या वेळी पवनऊर्जेकडून सहा-सात हजार मेगावॉटच मिळतील असे नियोजनात आधीपासून धरलेले होते, कारण थंडीच्या लाटेनंतर वारा पडतो हे सर्वांना ठाऊक असते. सूर्य पहाटे नसतो, त्यामुळे सौरऊर्जेचा हिशेब तर शून्याच्या आसपासच. औष्णिक केंद्रांकडून मात्र साठ हजारांहून अधिक मेगावॉटची अपेक्षा होती आणि टंचाईच्या काळात ग्रिड तरेल ते त्यांच्याच जोरावर, असा सारा हिशेब होता. ज्याच्याकडून थोडे मागितले त्याने आणखी थोडे कमी दिले आणि ज्याच्यावर सगळा भरवसा होता त्याने जवळजवळ तीस हजारांनी हात वर केले. यांतले कोणते अपयश मोठे, याचा निर्णय तुम्हीच करा.

वादेवादे

मुद्दा पटला, निदान मेगावॉटपुरता. पण औष्णिक केंद्रे गोठू शकतात हे त्यांच्या मालकांना माहीत नव्हते, यावर माझा विश्वास बसत नाही.

दप्तरखाना

माहीत होते. डिसेंबर १९८९ मध्ये टेक्सासमध्ये अशीच थंडी पडली, संच गोठले आणि एर्कॉटला भारनियमन करावे लागले. फेब्रुवारी २०११ मध्ये पुन्हा तेच झाले. तेव्हा ४,००० मेगावॉट भार तोडला होता आणि राज्यात त्याच आठवड्यात सुपर बोल हा अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना असल्यामुळे त्याचा बराच गाजावाजाही झाला. त्यानंतर संघीय आयोग आणि नेर्क यांनी एकत्रित अहवाल काढून नळ्यांना उष्णतारोधक वेष्टण घाला, तापवणाऱ्या तारा गुंडाळा, वाऱ्याला अडसर उभारा, असे तपशीलवार सांगितले होते. दहा वर्षांनंतरच्या अहवालातील शिफारसी त्याच्या शेजारी ठेवून वाचल्या तर काही परिच्छेद एकमेकांच्या प्रती वाटतात. फरक एवढाच होता की २०११ च्या शिफारसी ऐच्छिक होत्या.

याच्या उलट उदाहरण एल पासोचे आहे. राज्याच्या पश्चिम टोकावरील हे शहर एर्कॉटमध्ये नाही, ते पश्चिमेच्या ग्रिडला जोडलेले आहे. २०११ मध्ये त्याचेही हाल झाले होते. त्यानंतर तिथल्या वीजकंपनीने थंडीत चालतील अशी, वायू न मिळाल्यास तेलावरही चालू शकतील अशी केंद्रे उभारली आणि त्यांचा खर्च नियंत्रित दरातून वसूल केला. २०२१ मध्ये त्या शहरात नाव घेण्यासारखा अंधार झाला नाही.

कोकणकडा

एल पासो पश्चिमेच्या ग्रिडला जोडलेले आहे, तर मग बाकीचे टेक्सास कोणालाच जोडलेले का नाही? महाराष्ट्रात कोराडीचा एखादा संच पडला तर छत्तीसगड किंवा गुजरातकडून वीज ओढता येते. इथे शेजाऱ्यांकडून का घेतली नाही?

निवृत्त_भारप्रेषक

कारण ऐतिहासिक आहे. १९३५ च्या संघीय वीज कायद्याने राज्यांच्या सीमा ओलांडणारा वीजव्यापार केंद्र सरकारच्या नियंत्रणाखाली आणला. टेक्सासच्या वीजकंपन्यांनी सीमेपलीकडे वीज न पाठवून स्वतःला त्या नियंत्रणाबाहेर ठेवले. ४ मे १९७६ च्या रात्री एका कंपनीने मुद्दाम ओक्लाहोमाकडे वीज सोडून हा बांध फोडण्याचा प्रयत्न केला होता. बरीच वर्षे खटले चालले आणि अखेर बांध टिकला. आज एर्कॉटचे ग्रिड पूर्वेच्या ग्रिडला आणि मेक्सिकोला केवळ डीसी (एकदिश प्रवाहाच्या) दुव्यांनी जोडलेले आहे आणि त्या सर्वांची मिळून क्षमता सुमारे १,२०० मेगावॉट आहे. २०,००० मेगावॉटच्या खड्ड्यासमोर हे काहीच नाही.

जोडणी असती तर सगळे वाचले असते, असे मात्र मी म्हणणार नाही. लगतच्या राज्यांचे ग्रिड चालवणाऱ्या साउथवेस्ट पॉवर पूल या संस्थेला स्वतःच्या इतिहासात प्रथमच भारनियमन करावे लागले, कारण लाट तिथेही होती. परंतु पूर्वेकडे, जिथे थंडी तितकी नव्हती, तिथून सुमारे १३,००० मेगावॉटपर्यंत वीज पश्चिमेकडे वाहिली आणि त्यामुळे साउथवेस्ट पूलची टंचाई काही तासांत आटोपली. एर्कॉटच्या वाट्याला त्यातील नगण्य वीज आली. थंडीची लाट दोन हजार किलोमीटर रुंद असेल, तर तिच्या पलीकडून वीज आणण्याइतकी लांब आणि जाड तार हवी.

जमाखर्च

बाजाराविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहितो.

एर्कॉटच्या बाजारात वीजकेंद्राला पैसे मिळतात ते विकलेल्या विजेचे, तयार राहण्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. टंचाईच्या मोजक्या तासांत दर गगनाला भिडतील आणि त्या आशेने मालक केंद्र सज्ज ठेवतील, असे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. २०२१ मध्ये कमाल दर मेगावॉट-तासाला ९,००० डॉलर होता, म्हणजे युनिटला ९ डॉलर, त्या वेळच्या विनिमय दराने साडेसहाशे रुपयांच्या आसपास. उन्हाळ्यात हे तर्कशास्त्र बऱ्यापैकी चालते, कारण टेक्सासमध्ये उन्हाळा दर वर्षी येतो. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या थंडीसाठी आज नळ्यांना वेष्टण घालायचे आणि मिळकत कधी होईल याची वाट पाहायची, हे कोणत्याही हिशेबनिसाच्या गळी उतरत नाही. त्यातही शेजारचे केंद्र सज्ज नसेल तर दर आणखी चढतो, म्हणजे सर्वांनी तयारी केली तर तयारीचा मोबदला घटतो.

ऐन संकटात राज्याच्या वीज आयोगाने दर कमाल मर्यादेवर ठेवण्याचा आदेश दिला, कारण भार तोडल्यामुळे कागदावरची मागणी घटून दर उतरू लागले होते आणि टंचाईत दर उतरणे विचित्र होते. तो आदेश तर्कसंगत होता. भारनियमन संपल्यावरही सुमारे ३२ तास तोच दर चालू राहिला, याचे समर्थन मात्र करता येत नाही, आणि बाजारावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र निरीक्षकाने या काळातील जादा आकारणी १६ अब्ज डॉलरची असल्याचे सांगितले. ब्राझोस ही मोठी वीज सहकारी संस्था १ मार्चला दिवाळखोरीत गेली. घाऊक दर थेट ग्राहकांना लावणाऱ्या ग्रिडी या कंपनीच्या ग्राहकांना हजारो डॉलरची देयके आली आणि ती कंपनीही बुडाली. पुढे रोखे काढून हा बोजा अनेक वर्षांवर पसरवला गेला, म्हणजे बायूकाठचा यांच्यासारखे ग्राहक तो अजून फेडत आहेत.

बायूकाठचा

फेडत आहोत खरेच. पण २०२१ नंतर काही बदलले का, यावर इथे राहून दिसते ते सांगतो. जून २०२१ मध्ये विधेयक क्रमांक ३ कायद्यात रूपांतरित झाले आणि वीजकेंद्रांची हिवाळी सज्जता सक्तीची झाली. आता एर्कॉटचे तपासनीस केंद्रांवर जाऊन वेष्टणे पाहतात. बाजारातील कमाल दर ५,००० डॉलरवर आला. जानेवारी २०२४ मध्ये मागणी ७८,००० मेगावॉटच्या पुढे गेली, म्हणजे २०२१ च्या उच्चांकाच्या बरीच वर, तरी भारनियमन झाले नाही. दरम्यान मोठ्या प्रमाणावर बसवलेल्या बॅटऱ्यांची सूर्योदयापूर्वीच्या दोन-तीन तासांत मदत होते, पण २०२१ सारखा सत्तर तासांचा तुटवडा त्या भरून काढू शकणार नाहीत.

वायूच्या बाजूने मात्र चाल मंद होती. तिचे नियमन टेक्सास रेलरोड कमिशनकडे आहे. वायूच्या विहिरी आणि प्रक्रिया केंद्रांना 'अत्यावश्यक' यादीतून बाहेर पडायचे असेल तर १५० डॉलर शुल्क भरून अर्ज करावा, अशी तरतूद त्यांच्या पहिल्या मसुद्यात होती. त्यावर गदारोळ झाल्यावर ती बदलली. विहिरी आणि प्रक्रिया केंद्रांच्या हिवाळी सज्जतेचे नियम २०२२ च्या ऑगस्टमध्ये आले.

दप्तरखाना

आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एलियट नावाचे हिवाळी वादळ आले. त्या वेळी टेक्सास तरले, पण आग्नेय अमेरिकेत वीज पुरवणाऱ्या टेनेसी खोरे प्राधिकरणाला आपल्या नव्वद वर्षांच्या इतिहासात प्रथमच आळीपाळीने भारनियमन करावे लागले आणि कॅरोलिनांमध्येही तेच झाले. पूर्वेच्या ग्रिडमध्ये एकाच वेळी ९०,५०० मेगावॉट अनपेक्षितपणे बंद होते, आणि त्या ग्रिडला ना बेटासारखे एकटेपण आहे ना टेक्सासचा बाजार. कारणांची यादी पाहिली तर पुन्हा गोठणे, यांत्रिक बिघाड आणि वायू. न्यूयॉर्क शहराच्या वायूवाहिन्यांतील दाब इतका घसरला होता की तो पूर्ण गेला असता, तर घराघरात जाऊन भट्ट्या पुन्हा पेटवण्यास महिने लागले असते. त्यामुळे उच्चदाब यांचे मूळ म्हणणे, की एकाच कारणाने सगळे एकदम पडते, ते टेक्सासपुरते मर्यादित नाही असे दिसते.

जमाखर्च

दप्तरखाना यांच्या प्रतिसादातून एक भर घालावीशी वाटते, कारण चर्चेत ती अजून आलेली नाही. २०२१ ची लाट प्रेसिडेंट्स डेच्या जोडून आलेल्या सुटीत आली आणि एलियट नाताळच्या सुटीत. वायूचा घाऊक व्यवहार अशा सुट्यांच्या आधी शुक्रवारीच सगळ्या दिवसांसाठी एकगठ्ठा होतो. म्हणजे शनिवारी, रविवारी, सोमवारी आणि मंगळवारी किती वायू लागेल हे वीजकेंद्राने शुक्रवारी सकाळी ठरवायचे, तेही रोज सारख्याच प्रमाणात. वीजबाजार मात्र प्रत्येक दिवसाचा निर्णय आदल्या दिवशी घेतो. शिवाय वायूचा दिवस मध्यवर्ती अमेरिकी वेळेनुसार सकाळी ९ वाजता सुरू होतो आणि विजेचा मध्यरात्री. रविवारी दुपारी अंदाज बिघडला आणि केंद्राला अधिक वायू हवा झाला, तर तो विकणारा माणूस जागेवर नसतो, आणि असलाच तर सांगेल त्या भावाने घ्यावा लागतो. अनेक केंद्रांचे वाहतूक करारही असे की तुटवडा पडला तर त्यांचा वायू सर्वांत आधी तोडला जाईल, कारण घरांना थेट वायू पुरवणाऱ्या कंपन्यांचे करार पक्के असतात.

निवृत्त_भारप्रेषक

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कोळशाच्या केंद्राच्या आवारात काही दिवसांचा साठा डोळ्यांना दिसतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्याकडे तो आटला तेव्हा रोज सकाळी कोणत्या केंद्राकडे किती दिवसांचा कोळसा उरला आहे हे मोजता येत होते. वायूच्या केंद्राच्या आवारात काहीच साठा नसतो, त्याचे इंधन शेकडो किलोमीटर दूर वाहिनीतील दाबाच्या रूपात असते आणि तो दाब भारप्रेषकाच्या पडद्यावर दिसत नाही. २०२१ मध्ये एर्कॉटच्या कक्षात बसलेल्यांना कोणत्या वाहिनीत किती दाब आहे आणि आपण तोडत असलेल्या फीडरवर कोणता संपीडक आहे, हे दाखवणारी कोणतीही सोय नव्हती. विधेयक ३ नंतर वीज आणि वायू यांच्या पुरवठा साखळीचा एकत्रित नकाशा तयार करण्याची जबाबदारी राज्यात एका समितीवर टाकण्यात आली आणि आता अत्यावश्यक वायूकेंद्रे त्यावर नोंदवलेली असतात. मात्र वाहिनीतील दाब खासगी कंपन्यांची व्यापारी माहिती मानला जातो. तो नियंत्रण कक्षात थेट दिसावा की नाही, यावरचा वाद तिथे अजून चालू आहे.